साडेचार कोस

आमच्या शेवगांवच्या घरांत भिंतीला दोन वस्तू कायम टांगलेल्या असत. एक दिनदर्शिका व दुसरा नगर जिल्ह्याचा नकाशा. दिनदर्शिका दरसाल बदले. नकाशा मात्र वडिलांनीं शिक्षकाची नोकरी लागली त्या वर्षीं आणलेला, तोच अखेरपर्यंत राहिला. त्याच्या घड्या झिजल्या, कडेचा कापडी पट्टा सुटला. आणि घरीं येणारा प्रत्येक पाहुणा "हें पाहा आपलें गांव" म्हणून नेमकें एकाच जागीं बोट टेकीत असल्यामुळें शेवटीं असें झालें कीं, साऱ्या जिल्ह्यांतलीं गांवें त्यावर दिसत, फक्त शेवगांव तेवढें पुसून गेलें होतें. त्या पांढऱ्या डागाकडे पाहून वडील हंसत. "गांव सांपडत नसेल तर भोक सांपडतें का पाहा," असें ते नव्या माणसास सांगत.

नकाशांची आवड मला अशी वारशानें आली. परंतु तो भिंतीवरचा नकाशा मोठा उद्धट होता. तालुक्याचीं ठाणीं, मोठे रस्ते, मोठ्या नद्या यांच्याशींच त्याचें बोलणें. वाडी, ओढा, विहीर, पाऊलवाट असल्या किरकोळ मंडळींशीं त्याची ओळखच नव्हती. माझें आजोळ त्यावर नव्हतें. सातआठ वर्षांचा असतांना एकदां मीं तें पुष्कळ शोधलें आणि सांपडेना तेव्हां स्वयंपाकघरांत जाऊन आईला सांगितलें, "तुझें गांव खोटें आहे." ती भाकरी थापीत होती. वर न पाहतां ती म्हणाली, "नकाशावाल्याला तिथं कुणी भाकर घातली नसंल, म्हणून तो आला न्हाई."

तो आला होता, हें कळावयास मला पुढें चाळिसांहून अधिक वर्षें लागलीं.

२०१८ सालच्या हिवाळ्यांत एका स्नेह्यानें धरणाच्या आधींच्या मोजणीचे, इंचास एक मैल या मापाचे दोन जुने नकाशे मला छापून आणून दिले. हे नकाशे पूर्वीं सहजासहजीं कोणाच्या हातीं लागत नसत. २००५ सालच्या धोरणानंतर नागरिकांसाठीं नकाशांची निराळी खुली मालिका निघाली, आणि जुन्या नकाशांच्या प्रतिमा परदेशी विद्यापीठांच्या ग्रंथालयांतून घरबसल्या पाहावयास मिळूं लागल्या. दोनच कागद, पण त्यांच्यासाठीं मीं घरांतली जेवणाची पाटे-ताटें हलवून सबंध मेज आठ दिवस अडवून ठेवलें. घरच्यांनीं ते आठ दिवस मांडीवर ताट घेऊन जेवण केलें आणि मला जें बोलायचें तें बोलून घेतलें.

या नकाशांच्या क्रमांकांत मोठी गंमत आहे. १७६७ सालीं स्थापन झालेल्या भूमापन खात्यानें देशाचे चार-चार अंशांचे चौकोन पाडून त्यांस आंकडे दिले आहेत. अक्षांश १६ ते २० व रेखांश ७२ ते ७६ यांमधला चौकोन सत्तेचाळिसावा. मुंबई, पुणें, सातारा, नगर हीं सारीं एकाच घरांतलीं. त्याचे एकेक अंशाचे सोळा भाग, त्यांस 'ए' पासून 'पी' पर्यंत अक्षरें. आणि प्रत्येक भागाचे पुन्हां पंधरा-पंधरा कलांचे सोळा तुकडे. या हिशेबानें शेवगांव '४७ एम/३' या तुकड्यावर येतें. पण येतें तें अगदीं उजव्या कांठाला, पडवीच्या टोकाला बसलेल्या म्हाताऱ्यासारखें. गांवाच्या पूर्वेस दोन मैल गेलें न गेलें तोंच कागद संपतो आणि '४७ एम/७' सुरू होतो. घोटण, पैठण आणि माझें आजोळ हीं त्या दुसऱ्या कागदावर. माझी आई १९६४ सालीं लग्न होऊन सासरीं आली, ती एका नकाशावरून दुसऱ्या नकाशावर आली, असें म्हणावयास हरकत नाहीं. दोन्ही कागद मीं कडा कापून खळीनें जोडले. खळ लावतांना हात थरथरला आणि सांध्यावर एके ठिकाणीं सुमारें अर्धा फर्लांग जमीन कमी झाली, ती तेवढी वाचकांनीं माफ करावी.

नकाशा वाचणें ही पोथी वाचण्यासारखीच संवयीची गोष्ट आहे. आरंभीं नुसता गोंधळ दिसतो. मग तपकिरी रेघा म्हणजे उंची, निळें तें पाणी, पिंवळी ती पेरणीची जमीन, तांबडे ठिपके तीं गांवें, अशी अक्षरओळख होते. तुटक तांबड्या रेघेची गाडीवाट, ठिपक्यांची पाऊलवाट. विहिरींतसुद्धां बांधीव आणि बिनबांधीव असा भेद. तलावांत बारमाही आणि कोरडा. देऊळ, मशीद, ईदगाह, थडगें, छत्री यांना आपापलीं निराळीं चिन्हें. हीं चिन्हें ज्यांनीं कागदावर उतरविलीं त्यांचीं नांवें नकाशावर नसतात. नांवें उरतात तीं वरच्या साहेबांचीं. १८०२ सालीं मद्रासेजवळ साखळीनें पहिली पायारेषा मोजून साऱ्या देशावर त्रिकोणांचें जाळें पसरण्याचें काम ज्यानें आरंभिलें तो विल्यम लॅम्ब्टन १८२३ सालीं आपल्या हिंगणघाटास वारला; त्याची कबर तेथें आहे. परंतु त्या त्रिकोणांच्या पोटांतला एकेक ओढा भरून काढला तो पाटावर कागद चिकटवून, तिपाई खांद्यावर घेऊन शिवारें तुडविणाऱ्या मोजणीदारांनीं आणि त्यांच्या मागें झेंडे व साखळ्या वाहणाऱ्या खलाशांनीं. ते भर उन्हांत बांधावर उभे राहून एखाद्या गुराख्यास विचारीत असतील, "या ओढ्याचें नांव काय?" आणि त्या पोरानें जें सांगितलें तें डेहराडूनच्या दप्तरांत कायमचें नोंदलें गेलें असेल. तेंही साहेबाच्या कानांतून गाळून. इंपीरियल गॅझेटियरमध्यें आमचें शेवगांव 'शिओगांव' झालें आहे. जिल्ह्याचेंच नांव २०२४ सालीं बदलून अहिल्यानगर झालें, तेव्हां नांवांच्या बाबतींत नकाशानें फार अभिमान बाळगूं नये हेंच बरें. आम्ही मात्र तोंडच्या संवयीनें अजून नगरच म्हणतों.

नकाशावर मीं पहिली गोष्ट शोधली ती एक जोडरेघ. शाळेंत आम्हांला इतिहासांत 'मुंगी-शेवगांवचा तह' होता. ६ मार्च १७२८. आपलें गांव पुस्तकांत छापलेलें पाहून वर्गाची छाती फुगे; पण हें मुंगी काय प्रकरण आहे तें कोणी विचारीत नसे. मला पुष्कळ वर्षें असेंच वाटत होतें कीं, आमच्याच गांवाचें तें जुनें नांव असावें, किंवा त्या वर्षीं मुंग्या फार झाल्या असाव्यात. नकाशावर पाहतों तों मुंगी गोदावरीच्या कांठीं, आणि शेवगांवापासून सरळ रेघेनें दहा मैलांहूनही दूर! इतिहासकारांनीं एका आडव्या रेघेंत जो प्रदेश बांधून टाकला आहे त्यांत कितीतरी ओढे, माळ व शिवारें आहेत. त्या तहाची कथा तरी काय आहे? पहिल्या बाजीरावानें निजामुल्मुल्काला महिनोन्महिने झुलवीत, मुलूख जाळीत, कधीं खानदेशांत तर कधीं गुजरातेंत पळवीत अखेर वैजापुराकडील पालखेडाजवळ २८ फेब्रुवारीस असा कोंडला कीं त्याच्या फौजेला पाणी मिळेना. तोफा होत्या, हत्ती होते, खजिना होता, पाणी नव्हतें. मग शाहूमहाराजांचा दक्षिणेच्या सहा सुभ्यांवरील चौथाई-सरदेशमुखीचा हक्क त्यानें मान्य केला. ही मोहीम मीं शाळेंत पाठ केली होती, पण ती समजली निळ्या शाईच्या त्या बारीक वर्तुळांकडे पाहतांना. कोठें पाणी आहे आणि कोठें नाहीं हें बाजीरावाला छापील कागदावांचून माहीत होतें. त्याचा नकाशा हरकाऱ्यांच्या तोंडीं होता.

दुसरी गोष्ट शोधली ती पैठणची वाट. नगराहून करंजीचा घाट उतरून तिसगांव, अमरापूर, शेवगांव, घोटण करीत पैठणास जाणारा रस्ता आज डांबरी आहे आणि त्यावरून ऊस भरलेल्या गाड्या धूळ उडवीत धांवतात. पण पैठणची महती या रस्त्याहून फार जुनी. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतल्या 'पेरिप्लस' नांवाच्या ग्रीक ग्रंथांत भडोचेपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण व तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलें तेर, असें लिहिलें आहे. आणि तेथला माल धड रस्ते नसलेल्या मुलखांतून गाड्यांवर लादून समुद्राकडे नेत, हेंही सांगितलें आहे. सातवाहनांची ती राजधानी. तिचा माल जुन्नर व नाणेघाटानें कोंकणांत उतरे. पुढें एकनाथमहाराजांचें गांव म्हणून षष्ठीच्या यात्रेस लोक लोटूं लागले. आजही आषाढीस नाथांची पालखी पैठणाहून निघून आमच्या तालुक्यांतल्या लाडजळगांवावरून पंढरपुराकडे जाते. माझे आजोबा षष्ठीला नावेंत बसून गोदावरी उतरत, तेव्हां ते एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत जात. कारण १९४८ च्या सप्टेंबरांत निजामाचा अंमल संपेपर्यंत पलीकडचा तीर त्याचा होता. तो दोन पैशांत परदेशगमन करून येतो, असें आजी म्हणे.

जुन्या वाटा शोधण्याच्या या छंदांत माझ्यासारखे हौशी पुष्कळ असतील; पण त्याला शास्त्राची शिस्त लावणारा मोठा माणूस म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. गणिताचा हा पंडित हातांत काठी घेऊन पुण्याभोंवतालचे माळ पायीं हिंडला. आणि आडरानांत, वाटा मिळतात त्या जागीं शेंदूर फांसलेल्या देवी कां बसलेल्या आहेत, लेणीं जुन्या व्यापारी वाटांच्या कडेलाच कां खोदलीं आहेत, हें त्यानें १९६२ सालच्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' या पुस्तकांत मांडलें. तें वाचल्यापासून वाट ही मला नुसती रेघ वाटेनाशी झाली. वाट वळते तेव्हां ती कांहीं तरी टाळीत असते, नाहीं तर कांहीं तरी गांठीत असते. आमच्याकडे ती बहुधा काळी जमीन टाळते. गोदाकांठची ही काळी माती कपाशीला सोनें. पण मृगाची एक सर पडली कीं गाडीचें चाक आंसापर्यंत गिळते. म्हणून जुन्या गाडीवाटा दोन ओढ्यांच्या मधल्या मुरमाड उंचवट्यावरून, तपकिरी रेघांच्या धाकांत राहून, वळणें घेत जातात. नवा रस्ता खडी आणि डांबर यांच्या जोरावर सरळ निघतो. त्याला जमिनीशीं बोलण्याचें कारणच उरलेलें नाहीं.

आणखी एक चिन्ह मला विशेष आवडतें. नकाशाच्या तळाशीं चिन्हांची जी यादी असते तींत गांवांचे दोन प्रकार दिले आहेत. वसलेलें आणि ओसाड. ओसाड गांवाची नुसती बाह्यरेघ, आंत रंग नाहीं. मोजणीदाराच्या भाषेंत जी पोकळ आकृति, तिला आमच्या भाषेंत पांढरी म्हणतात. पेरायची ती काळी आणि राहायची ती पांढरी, अशी मराठी मुलखाची जुनी वांटणी आहे. शेंकडों वर्षें चुलींची राख, भिंतींची माती व शेणकूट साठून गांवाखालची जमीन पांढुरकी होते. गांव उठून गेलें तरी ती तशीच टेकाडासारखी उभी राहते आणि शेतकरी तिची माती गाडीगाडीनें नेऊन धाब्यावर घालतात. शेजारच्या नेवाशास असल्याच लाडमोड नांवाच्या टेकाडांत हंसमुख सांकळियांनीं १९५४ पासून उत्खनन केलें आणि एकाखालीं एक अशा वस्त्या अश्मयुगापर्यंत उलगडून दाखविल्या. गांवें उठणें ही आपल्याकडे नवी गोष्ट नाहीं. कधीं दुष्काळ, कधीं पटकी, कधीं पेंढारी. माझें आजोळ उठलें तें पाण्यानें. आणि त्याला पांढरीचें टेकाड होण्याचीही सवड मिळाली नाहीं.

पैठणच्या वरच्या अंगास गोदावरीवर जायकवाडी धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजीं लालबहादूर शास्त्री यांच्या हस्तें झाली, आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजीं इंदिरा गांधी यांनीं त्याचें उद्घाटन केलें. सुमारें दहा किलोमीटर लांबीची भिंत, मागें नाथसागर. मराठवाड्याच्या कोरड्या शेतांत त्याचें पाणी गेलें, उजेड गेला. त्याविषयीं वांकडें बोलण्याचा मला अधिकार नाहीं, कारण माझ्या दोन बहिणींचीं सासरचीं शेतें त्याच पाण्यावर पिकतात. पण खोरें उथळ ताटासारखें असल्यामुळें पाणी खोल जाण्याऐवजीं पसरलें आणि शेवगांव, नेवासें, पैठण, गंगापूर या तालुक्यांतलीं कितीतरी गांवें त्याखालीं गेलीं. मामांनीं घराचीं आढीं, तुळया, चौकटी, देव आणि जात्याची तळी गाडींत घालून नव्या गांवठाणावर नेली. आईला कोणी बोलावलें नाहीं. सासुरवाशीण लेकीला घर उतरवायला बोलावण्याची चाल नाहीं. तिनें गांव पाहिलें तें शेवटचें केव्हां हें तिला सुद्धां ठरवून सांगतां येत नाहीं. कारण पाहतांना तें शेवटचें आहे हें तिला ठाऊक नव्हतें.

आतां जें लिहावयाचें तें लिहिण्यास मला संकोच वाटतो. २०१६ च्या उन्हाळ्यांत मराठवाड्यांत लागोपाठचा दुष्काळ होता आणि नाथसागर मृतसाठ्यापर्यंत उतरला होता. बुडालेल्या देवळांचे कळस, घाटांच्या पायऱ्या वर येऊं लागल्या. लोक गाड्या करून पाहावयास जात होते. आई तेव्हां सत्तर वर्षांची, चालती-बोलती होती. एके दिवशीं चहा पितांना ती सहज बोलल्यासारखें बोलली, "पाणी लई खाली गेलंय म्हणतात. एकदा जाऊन यावं." मीं म्हणालों, "ऊन फार आहे." चार दिवसांनीं ती पुन्हां म्हणाली, तेव्हां माझ्यापुढें उत्तरपत्रिकांचा ढीग होता. तिसऱ्यांदां ती म्हणाली नाहीं. पाऊस आला. दोन वर्षांनीं ओसरीवरून पडून तिचें खुब्याचें हाड मोडलें, आणि त्यानंतर तिचें हिंडणें खाट ते तुळशीवृंदावन एवढेंच राहिलें.

नकाशे हातीं आले ते या नंतर. आणि २०१९ च्या मे महिन्यांत पाणी पुन्हां तितकेंच खालीं गेलें. या खेपेस मीं ऊन पाहिलें नाहीं.

पहांटे चारला शेवगांवाहून पायींच निघालों. मोटारीनें अर्ध्या तासाचें काम. पण मला रस्त्यानें जावयाचें नव्हतें, वाटेनें जावयाचें होतें. पहिला मैल सांपडला. मग वाट एका गोदामाच्या भिंतींत शिरली. पुढें ती पुन्हां सांपडली ती दोन बांधांमधल्या पांदीच्या रूपानें, दोन्हीकडे बोरी-बाभळी, तळाशीं पुरुषभर खोल झालेली. चाकांनीं शतकभर झिजवून केलेला तो खंदक होता. नंतर कांद्याच्या वावरांत ती सपाट झाली. एक म्हातारा शेतकरी विहिरीवर मोटर चालूं करीत होता. माझ्या हातांतला कागद पाहून त्याचा चेहरा बदलला. "मोजणीवाले का?" त्यानें विचारलें. रस्त्यासाठीं, पाटासाठीं, कशाकशासाठीं कागद घेऊन आलेलीं माणसें त्यानें पुष्कळ पाहिलीं असावींत. मी मोजणीवाला नसून आजोळीं निघालेला आहें, हें पटल्यावर तो मोकळा झाला. "गाडीवाट व्हय? व्हती ना. माझ्या बापानं नांगरली ती," असें त्यानें पायाखालच्या ढेकळांकडे बोट दाखवून सांगितलें आणि मला गूळपाणी दिलें.

घोटणच्या मल्लिकार्जुनाचें जुनें देऊळ नकाशावर आहे तेथेंच आहे. देवळें ही या छंदांतलीं सर्वांत विश्वासू मंडळी; ती जागा सोडीत नाहींत. तेथें जोत्यावर बसून भाकरी खाल्ली आणि दिशा पुन्हां लावून घेतली. आमच्या घरांत एका विहिरीची कथा होती. आईच्या चुलतआजीला मूलबाळ नव्हतें. तिनें पाटल्या मोडून आजोळच्या वाटेवर गाडीबैलांसाठीं विहीर बांधली आणि शेजारीं दगडी डोण बसविली, अशी ती कथा. वडील तिची थट्टा करीत. प्रत्येक माहेरीं अशी एक विहीर असते असें ते म्हणत. नकाशावर घोटणच्या पुढें डावीकडे फुटणाऱ्या तुटक रेघेला लागून एक निळें वर्तुळ होतें, बांधीव विहिरीचें. त्या जागीं आज उसाचा फड आहे. मालकाच्या मुलानें पाचट बाजूला करून विहीर दाखविली. घडीव दगडांची, आंतल्या कोनाड्यांत पारवे. पाणी तळाशीं हातभर. डोण मात्र वस्तीवर होती आणि तिच्यावर एक बाई धुणें आपटीत होती. लेख, नांव, साल कांहीं नाहीं. ती आमचीच विहीर, असें शपथेवर मला सांगतां येणार नाहीं. पण वडील असते तर त्यांना तेथें नेऊन उभें केलें असतें.

त्यापुढें नकाशावरची पिंवळी जमीन संपली नाहीं, पण खरी संपली. मधल्या पट्ट्यांत पाणी हटलें तेथें लोकांनीं गाळपेर केली होती, तिचीं धसकटें. मग नुसता भेगाळलेला गाळ, शिंपले, जाळ्यांच्या चिंध्या, आणि दूरवर पाण्याची शिसवी रेघ. खिशांतला दूरध्वनी उपग्रहाकडून अक्षांश-रेखांश सांगत होता. मीं ते कागदावरच्या कलांशीं ताडून पाहत पाहत चाललों आणि जेथें तांबडा ठिपका होता तेथें येऊन उभा राहिलों. मातीच्या भिंती विरघळून गेल्या होत्या. दगडांचीं जोतीं तेवढीं ओळीनें उरलीं होतीं, एकासारखें एक; मधून बोळ. पन्नासेक जोत्यांपैकीं आजोबांचें कोणतें? कागद मला बरोबर गांवापर्यंत घेऊन आला होता, आणि वेशींत सोडून परत गेला होता. मीं छायाचित्रें घेतलीं, एका जोत्यावर उगाच बसलों, आणि ऊन असह्य झालें तेव्हां परतलों.

आईला मीं तीं छायाचित्रें दाखविलीं. चष्मा लावून तिनें एकेक पाहिलें. "हे कुठलंबी असंल," ती म्हणाली. मग विचारलें, "वेशीतून आत गेलं की उजव्या अंगाला चिंच व्हती. तिचं खोड दिसलं का?" मीं पाहिलेंच नव्हतें. चिंच पाहावयाची असते हें मला कोणी सांगितलें नव्हतें. जी सांगूं शकली असती तिला मीं तीन वर्षांपूर्वीं ऊन फार आहे म्हणून घरीं बसविलें होतें.

पुढें आठ-दहा दिवस तो विषय निघाला नाहीं. मग एका दुपारीं मीं जोडलेला नकाशा तिच्या खाटेवर पसरला. तिला नकाशा वाचतां येत नाहीं आणि शिकण्याची इच्छाही नाहीं. म्हणून मी नुसता रेघेवरून बोट नेत मोठ्यानें सांगूं लागलों. शेवगांवची वेस, पहिला ओढा, माळ, घोटणचें देऊळ, विहीर. ती डोळे मिटून ऐकत होती. "साडेचार कोस," ती मध्येंच म्हणाली. मीं दोऱ्यानें मोजून पाहिलें होतें. नऊ मैलांना थोडें कमी. विहिरीपुढें मी "आतां ओढा डाव्या हाताला ठेवून" असें म्हणालों आणि तिनें डोळे उघडले.

"न्हाई न्हाई. वढा उजव्या हाताला. डाव्या वाटेनं गाडी रुतायची."

मीं नकाशा पुन्हां पाहिला. ओढा डावीकडेच होता. वाट त्याच्या पूर्वेच्या सखल अंगानें जात होती. मीं तसें सांगितलें. ती चिडली. "तुझ्या नकाशावाल्याला काय ठावं? पंचमीला दादा मुराळी यायचा न्यायाला. सगळीकडं चिखल. वरच्या माळावरून वळसा घेऊन जायाचो आम्ही."

तेव्हां माझ्या डोक्यांत उजेड पडला. भूमापनाच्या तुकड्या बाहेर पडत त्या पावसाळा संपल्यावर, आणि उन्हाळा सरतांना परतत. पाऊसभर त्या कचेरींत बसून नकाशे रेखाटीत. त्या कागदावरची प्रत्येक वाट सुगीची, कोरड्या दिवसांची वाट आहे. त्यावर कधीं पाऊस पडलेलाच नाहीं. माझी आई सासरहून माहेरीं जाई ती श्रावणांत, नागपंचमीला, भाऊ गाडी घेऊन येई तेव्हां. तिला ठाऊक होती ती दुसरी वाट. आणि ती कोणत्याही नकाशावर नाहीं, कारण तिच्यावरून जाणाऱ्या माणसांना मोजणीदार कधीं भेटलाच नाहीं.

मीं पेन्सिल आणली. ती सांगत गेली आणि मी तपकिरी रेघांच्या आधारानें काढीत गेलों. माळाच्या कडेनें, म्हसोबाच्या दगडावरून, जेथें बैल आपोआप थांबत त्या लिंबाखालून. एके ठिकाणीं मीं रेघ फार सरळ काढली, ती तिनें पुसावयास लावली. म्हसोबाचा दगड मूळ नकाशावर नाहीं. पण तिनें सांगितलेल्या जागीं दोन तपकिरी रेघा इतक्या जवळ येतात कीं तेथें चढ असलाच पाहिजे, आणि चढावर देव असतोच. गांवाच्या ठिपक्यापाशीं आल्यावर तिनें मला थांबवून वेशीच्या आंत उजव्या हाताला एक बारीक गोल काढावयास सांगितला. त्या प्रमाणावर चिंच काढावयाची म्हणजे तिची सावली पाव मैल पडेल, असें मीं म्हणालों. "पडू दे," ती म्हणाली.

तो कागद आतां तिच्या खाटेजवळच्या भिंतीवर असतो. दुपारीं डोळा लागला नाहीं कीं ती हात लांब करून त्या रेघेवरून बोट नेते, शेवगांवाहून नव्हे, उलटें, चिंचेपासून निघून. पेन्सिल मधून मधून पुसट होते. महिन्या-दोन महिन्यांनीं ती हांक मारते आणि मी शिसें टोकदार करून रेघ पुन्हां गडद करून देतों. सांध्यावर कमी झालेल्या त्या अर्ध्या फर्लांगाची तिनें अजून तक्रार केलेली नाहीं.